चार शिलिंगांचा हिशेब

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाखाली पेन्सिलने लिहिलेला आणखी एक आकडा असे. आई घरी साड्यांना फॉल लावायची. दुपारची जेवणे उरकली की ती खिडकीपाशी बसे, फॉलला आधी धावदोरा घाले आणि मग बारीक हातशिलाई करत दिवेलागणीपर्यंत दोन, फार तर तीन साड्या हातावेगळ्या करी. त्या दिवशी किती साड्या झाल्या तो आकडा दिनदर्शिकेच्या चौकोनात जाई आणि महिनाअखेरीला दुकानदाराने दिलेले पैसे त्या आकड्यांशी ताडून पाहिले जात. ते क्वचितच जुळत. एकदा एका साडीवर तेलाचा वाटाण्याएवढा डाग निघाला म्हणून दुकानदाराने त्या एका साडीचीच नव्हे, तर त्या आठवड्यातल्या सगळ्या साड्यांची मजुरी कापली. आई दुकानात काही बोलली नाही. घरी येऊन तिने दिनदर्शिकेवरचे सहा आकडे एकेक करून खोडले, आणि खोडतानाही ते पुढे वाचता येतील अशा बेताने हलक्या हाताने खोडले.

जॉर्ज बर्नार्ड शॉचे ‘मिसेस वॉरन्स प्रोफेशन’ हे नाटक मी पहिल्यांदा वाचले ते एम.ए.ला असताना, परीक्षेपुरते. आपल्याकडे शॉ बहुतेकांना ठाऊक आहे तो ‘ती फुलराणी’चा मूळ नाटककार म्हणून, माझीही त्याच्याशी ओळख तेवढीच होती. वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांत व्हिक्टोरियन समाजाचा दांभिकपणा, नवी स्त्री, समस्याप्रधान नाटक असे शब्द होते, ते मी उत्तरपत्रिकेत लिहिले आणि मला गुणही बरे मिळाले. नाटकात पानोपानी पैशांचे आकडे आहेत, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानातही आले नव्हते. पंधराएक वर्षांनी ते पुस्तक पुन्हा हाती घेतले तेव्हा हातात पेन्सिल होती, आणि पहिल्याच अंकात पन्नास पौंडांचा उल्लेख आला तेव्हा नकळत मी समासात गणित मांडायला लागले. तेव्हापासून माझी अशी खात्री झाली आहे की या नाटकावर जे काही वादळ उठले ते त्यातल्या ‘घाणेरड्या’ विषयामुळे, म्हणजे वेश्याव्यवसायामुळे, उठले नाही. ते या आकड्यांमुळे उठले.

नाटक १८९३ सालचे. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या हॅसलमिअर गावाजवळच्या एका लहानशा बंगलीच्या बागेत ते सुरू होते. व्हिव्ही वॉरन ही बावीस वर्षांची मुलगी केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजातून गणिताची परीक्षा देऊन आली आहे आणि तिसऱ्या रँग्लरच्या बरोबरीचे गुण तिने मिळवले आहेत. ‘रँग्लर’ म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेला; ही पदवी मराठी वाचकाला नवी नाही. परांजप्यांमुळे ती आपल्या घरातली झाली आहे. पण व्हिव्हीच्या बाबतीत ‘बरोबरीचे’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. न्यूनम १८७१ साली सुरू झाले, १८८१पासून मुलींना त्या परीक्षांना रीतसर बसू दिले जाऊ लागले, तरी त्यांची यादी वेगळी असे. १८९० साली न्यूनमच्याच फिलिपा फॉसेट यांना सीनिअर रँग्लरपेक्षाही, म्हणजे पहिल्या आलेल्यापेक्षाही, अधिक गुण मिळाले, तेव्हा त्या सीनिअर रँग्लर झाल्या नाहीत, ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ अशी त्यांची नोंद झाली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती थेट १९४८ साली. म्हणजे शॉने व्हिव्हीला दिलेले यश तत्कालीन प्रेक्षकाला वर्तमानपत्रातून नुकतेच ओळखीचे झालेले होते.

व्हिव्हीने ही परीक्षा का दिली? त्यासाठी तिने मागितलेले पन्नास पौंड द्यायचे आईने कबूल केले होते म्हणून. ती हे सरळ सांगते, आणि वर असेही म्हणते की इतके कष्ट पाहता दोनशे पौंड तरी मिळायला हवे होते. पन्नास पौंडांचा हा आकडा त्याच अंकात आणखी एकदा येतो. गावातले धर्मोपदेशक रेव्हरंड सॅम्युअल गार्डनर आपल्या मुलाला उपदेश करताना कबूल करून बसतात की तरुणपणी त्यांनी एका दारूच्या गुत्त्यावर काम करणाऱ्या बाईला प्रेमपत्रे लिहिली होती, आणि ती परत मिळवायला तिला पन्नास पौंड देऊ केले होते. तिने ते घेतले नाहीत. पत्रे मात्र जपून ठेवली. ती बाई म्हणजे व्हिव्हीची आई.

आता या पन्नास पौंडांची किंमत किती, हे दुसऱ्या अंकात कळते. तो अंक मी आजही एका बैठकीत वाचू शकत नाही. रात्रीची वेळ, लेकीने आईला नुकतेच विचारले आहे की तू कोण, माझा बाप कोण, तुझे हे राहणे कशाच्या जोरावर चालते. आणि किटी वॉरन, जिने इतका वेळ थोरामोठ्यांच्या बायकांसारखे बोलण्याचा आव आणला होता, ती आपल्या मूळच्या बोलीवर येते आणि सांगू लागते. तिची आई लंडनमध्ये टांकसाळीजवळ तळलेल्या माशांचे दुकान चालवी आणि त्यावर चार मुली वाढवी. किटी आणि लिझ या सख्ख्या बहिणी, दिसायला बऱ्या. दुसऱ्या दोघी सावत्र, खुरटलेल्या, उपाशी चेहऱ्याच्या, कष्टाळू आणि प्रामाणिक. त्यांतली एक सफेद्याच्या कारखान्यात लागली. रंगकामात वापरतात तो सफेदा, शिशापासून केलेला. दिवसाला बारा तास काम आणि आठवड्याला नऊ शिलिंग मजुरी. तिला वाटले होते की फार तर हात थोडे लुळे पडतील, ती मेली. दुसरीने डेटफर्डच्या सरकारी कोठारातल्या एका मजुराशी लग्न केले आणि आठवड्याला अठरा शिलिंगांत त्याची खोली आणि तीन मुले नीटनेटकी ठेवली. तिचे उदाहरण किटीला आणि लिझला सतत दिले जाई. मग तो नवरा दारू प्यायला लागला.

लिझ एके दिवशी घरातून निघून गेली. शाळेतले पाद्री किटीला बजावत राहिले की तुझी बहीण एक दिवस वॉटर्लूच्या पुलावरून नदीत उडी टाकणार. किटी लेकीला सांगते की तिला नदीपेक्षा सफेद्याच्या कारखान्याचे भय जास्त वाटत होते. ती दारूबंदीवाल्यांच्या एका उपाहारगृहात भांडी घासायला लागली, मग वाढपी झाली, मग वॉटर्लू स्टेशनवरच्या गुत्त्यात गेली. रोज चौदा तास उभे राहून पेले भरायचे आणि विसळायचे, आठवड्याला चार शिलिंग आणि जेवण. ही बढती समजली जात होती. एका थंडीच्या रात्री झोपेने डोळे मिटत असताना समोर गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली ती लिझ, अंगात पायघोळ फरचा कोट आणि पाकिटात सोन्याची नाणी घेऊन.

इथे मी समासात जे मांडले ते असे. एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स, वीस शिलिंगांचा एक पौंड. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चौदा तासांप्रमाणे ८४ तास होतात आणि चार शिलिंग म्हणजे ४८ पेन्स. तासाला जेमतेम अर्ध्या पेनीहून किंचित अधिक. सफेद्याच्या कारखान्यातल्या बहिणीला तासाला दीड पेनी मिळत होती, पण त्यात मरण समाविष्ट होते. रेव्हरंडसाहेबांनी आपल्या पत्रांसाठी, म्हणजे आपल्या अब्रूसाठी, जे पन्नास पौंड देऊ केले ते एक हजार शिलिंग झाले. चार शिलिंगांच्या हिशेबाने वॉटर्लूच्या गुत्त्यातले अडीचशे आठवडे, पाच वर्षांना थोडे कमी. पाद्रीबोवांनी हे गणित कधी केले नसणार. तीच रक्कम किटीने पुढे लेकीला एका परीक्षेसाठी द्यायची कबूल केली आणि लेकीला ती अपुरी वाटली, हे वाचताना मात्र माझा हात थबकला. व्हिव्हीचा राग आला नाही; माझ्या शिक्षणाची फी कुठल्या खिडकीपाशी बसून भरली गेली, हे मीही बराच काळ मोजले नव्हते.

शॉने हे आकडे मनाने रचलेले नाहीत. नाटक लिहिण्यापूर्वी पाच वर्षे, १८८८च्या जूनमध्ये, ॲनी बेझंट यांनी पूर्व लंडनमधल्या ब्रायंट अँड मे या काडेपेट्यांच्या कारखान्याविषयी एक लेख प्रसिद्ध केला. होमरूलमुळे आपल्याला परिचित असलेल्या त्याच या बेझंटबाई. त्या वेळी त्या शॉबरोबर फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेत होत्या. कंपनीने भागधारकांना आदल्या वर्षी २३ टक्के लाभांश दिला, असे सांगून त्या लगेच एका सोळा वर्षांच्या मुलीची मजुरी सांगतात. आठवड्याला चार शिलिंग. त्यांतले दोन शिलिंग खोलीच्या भाड्यात जात. पाय मळलेले असले किंवा जागा अस्ताव्यस्त दिसली तर तीन पेन्स दंड. दंडाची ती यादी मी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वाटाण्याएवढा तेलाचा डाग आला. कंपनीच्या भागधारकांत पाद्री मंडळीही होती, याकडे बेझंटबाईंनी मुद्दाम बोट दाखवले. पुढच्याच महिन्यात सुमारे चौदाशे मुली आणि बायका काम टाकून बाहेर पडल्या आणि तो संप त्यांनी जिंकला.

याच काळातला इंग्लंडचा कायदा पाहिला तर समाजाची नजर कुठे होती ते कळते. १८६४पासून सांसर्गिक रोगांचे जे कायदे झाले, त्यांत लष्करी ठाण्यांच्या आणि बंदरांच्या गावी पोलिसांना वेश्या असल्याच्या नुसत्या संशयावरून बाईला पकडून तिची सक्तीने वैद्यकीय तपासणी करता येत असे. तिच्याकडे येणाऱ्या सैनिकाची तपासणी नव्हती. जोसेफिन बटलर या बाईंनी कितीतरी वर्षे सभा घेत, शिव्या खात, दगड झेलत त्याविरुद्ध लढा दिला, तेव्हा १८८६ साली ते कायदे रद्द झाले. तसाच कायदा हिंदुस्थानात १८६८ साली आणला गेला होता, तो १८८८पर्यंत राहिला. इथल्या छावण्यांभोवतीच्या बायकांनीही ती तपासणी सोसली आहे. बाईच्या शरीराचा इतका तपशीलवार बंदोबस्त ज्या सरकारला जमला, त्याला तिच्या मजुरीचा बंदोबस्त करणे सुचले नाही.

आता रंगभूमीकडे येते. त्या काळी लंडनच्या रंगभूमीवर ‘पतित’ बाई दाखवायला बंदी होती, असा एक समज आढळतो. तसे नव्हते. ज्या वर्षी शॉने हे नाटक लिहिले त्याच १८९३ सालच्या मे महिन्यात सेंट जेम्स थिएटरात आर्थर विंग पिनेरो यांच्या ‘द सेकंड मिसेस टँकरे’चा पहिला प्रयोग झाला आणि तो प्रचंड गाजला. त्यात पॉला नावाची पूर्वायुष्य असलेली बाई एका सभ्य गृहस्थाशी लग्न करते, भूतकाळ तिचा पाठलाग करतो आणि शेवटच्या अंकात ती आत्महत्या करते. मिसेस पॅट्रिक कँपबेल या अभिनेत्री त्या भूमिकेने एका रात्रीत मोठ्या झाल्या. (यांनीच पुढे १९१४ साली लंडनमध्ये शॉची पहिली फुलराणी उभी केली.) पॉलाला परवाना मिळाला, टाळ्या मिळाल्या, प्रेक्षकांचे रुमालही ओले झाले. शॉचे म्हणणे असे होते की अशी बाई सुंदर असावी, तिचे कपडे उंची असावेत आणि शेवटी ती क्षयाने किंवा विषाने मरावी, एवढ्या अटी पाळल्या की सेन्सॉरची काही हरकत नसते. किटी वॉरन मरत नाही. तिला पश्चात्ताप होत नाही. ती खाऊनपिऊन धडधाकट आहे, आणि चार शिलिंगांना नकार देणे हा शहाणपणा होता, असे ती भर रंगमंचावर सांगते. तिची बहीण लिझ तर विंचेस्टरला कॅथेड्रलच्या शेजारी राहते, गावातल्या प्रतिष्ठित बायकांत गणली जाते आणि नृत्याच्या समारंभांना तरुण मुलींची राखण करायला जाते.

इंग्लंडमध्ये १७३७पासून नाटकाला राजदरबारच्या लॉर्ड चेंबरलेनचा परवाना लागे, आणि ही पद्धत १९६८पर्यंत चालली. १८९८ साली शॉचे नाटक त्यांच्या कचेरीत गेले आणि नाकारले गेले. नाटकाचे हक्क सुरक्षित ठेवण्यासाठी कायद्यानुसार एक नाममात्र प्रयोग करणे आवश्यक होते, म्हणून शॉने संहितेला कात्री लावली आणि मिसेस वॉरनला खिसेकापू पोरींची म्होरकी बनवले. त्या रूपाला परवाना मिळाला. मला या घटनेचा फार विषाद वाटतो. मुलींना चोरी शिकवणारी बाई चालली, कारण चोरी हा चोराचा दोष असतो आणि तो पाहून प्रेक्षक निर्धास्तपणे घरी जाऊ शकतो. अंकगणित सांगणारी बाई मात्र प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या समभागांची आठवण करून देते.

पहिला खरा प्रयोग १९०२च्या जानेवारीत स्टेज सोसायटीने केला, न्यू लिरिक क्लबात, फक्त सभासदांसाठी. नव्या नाटकांचा लंडनमधला मोठा कैवारी जे. टी. ग्राइन, ज्याने इब्सेनचे ‘घोस्ट्स’ लंडनला दाखवण्याचे धाडस केले होते, त्यालाही तो प्रयोग सोसला नाही. प्रेक्षागृहात बायका बहुसंख्य होत्या आणि हे सारे समजू शकणारे पुरुष थोडे होते, म्हणून ती दुपार फार अवघड गेली, अशा आशयाचे त्याने लिहिले. बायकांना हे कळणार नाही असे त्याला का वाटले असेल? त्यांच्यापैकी कितीजणींनी घरातल्या मोलकरणीच्या पगाराची वही स्वतःच्या हाताने लिहिली असेल! अमेरिकेत १९०५च्या ऑक्टोबरात न्यू हेवनला एकच प्रयोग झाला आणि महापौरांनी पुढचे बंद पाडले. तीन दिवसांनी न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरात प्रयोग झाला, तेव्हा आत जाता न आलेल्यांची रस्त्यावर गर्दी उसळली होती आणि लगोलग निर्माता-नट आर्नल्ड डेली याच्यावर खटला भरला गेला. पुढच्या वर्षी न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. इंग्लंडमध्ये जाहीर प्रयोग व्हायला १९२५ साल उजाडावे लागले, बर्मिंगहॅममध्ये. लिहिल्यापासून बत्तीस वर्षे. एवढ्या साऱ्या गदारोळात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती ही की या नाटकात मिसेस वॉरनच्या धंद्याचे नाव एकदाही उच्चारले जात नाही. व्हिव्ही ते कागदावर लिहून दाखवते आणि कागद फाडते. अश्लील म्हणावा असा एक शब्दही नाही. आहेत ते शिलिंग आणि टक्के.

टक्क्यांचा भाग तिसऱ्या अंकातला. सर जॉर्ज क्रॉफ्ट्स हा मिसेस वॉरनचा भागीदार, सरदार घराण्यातला, पन्नाशीच्या घरातला, व्हिव्हीला लग्नाची मागणी घालायला आलेला. तिने झिडकारल्यावर तो रागाच्या भरात सारे सांगून टाकतो. ब्रुसेल्सला दोन, ऑस्टेंडला एक, व्हिएन्नाला एक, बुडापेस्टला दोन अशी सहा ठिकाणे अजूनही चालू आहेत. त्याचे चाळीस हजार पौंड त्यात गुंतले आहेत आणि मंदीच्या वर्षांतही ३५ टक्के सुटतात. मी पुन्हा समासात उतरले. वर्षाला चौदा हजार पौंड. वॉटर्लूच्या गुत्त्यातली पोर वर्षाकाठी दहा पौंड आठ शिलिंग मिळवी. म्हणजे तेराशेहून अधिक पोरींची वर्षाची मजुरी या एका गृहस्थाच्या हिश्शाला येते, आणि त्यासाठी त्याला खुर्चीवरून उठावेही लागत नाही.

पण क्रॉफ्ट्सचे खरे उत्तर पुढे आहे. व्हिव्ही संतापते तेव्हा तो तिला शांतपणे विचारतो की न्यूनममध्ये तुला मिळालेली क्रॉफ्ट्स शिष्यवृत्ती आठवते ना? ती त्याच्या खासदार भावाने ठेवलेली. तो भाऊ सहाशे मुलींच्या कारखान्यातून २२ टक्के काढतो आणि त्यांतल्या एकीलाही पोट भरेल एवढी मजुरी मिळत नाही. ज्यांना घरचा आधार नाही त्या मुली कसे भागवतात असे तुला वाटते? आईला विचार. ड्यूकची भाडी कुठून येतात, चर्चच्या मालमत्तेत कोणकोण भाडेकरू आहेत, हेही तो ऐकवतो. नैतिकतेची चाळण लावून ओळखी ठेवायच्या असतील तर तुला हा देशच सोडावा लागेल, असा त्याचा निष्कर्ष. इतके स्वच्छ सत्य नाटककाराने सर्वांत नीच माणसाच्या तोंडी घातले आहे, आणि तो ते सत्य लाज वाटून सांगत नाही, ढाल म्हणून वापरतो. सगळेच मळलेले आहेत तेव्हा मी हात का धुवायचे, हा युक्तिवाद आपण रोज ऐकतो. व्हिव्हीला त्याला उत्तर देता येत नाही. खर्च केलेला पैसा कुठून येतो हे आपणही कधी विचारले नाही, तेव्हा आपणही तितक्याच वाईट, अशी कबुली ती देते. आणि माझ्या लेखी नाटकातला सर्वांत धैर्याचा क्षण तो आहे, शेवटच्या अंकातला गृहत्याग नव्हे.

कारण शेवटच्या अंकाने माझे पुरते समाधान होत नाही. व्हिव्ही लंडनला चॅन्सरी लेनमधल्या मैत्रिणीच्या कचेरीत जाते, विमागणिताची कामे हाती घेते, आईचा मासिक भत्ता परत करते, आईपुढे हात करते (आई तो घेत नाही) आणि तिला कायमचा निरोप देते. आईवर तिचा आरोप असा की तू जगलीस एक आणि मानलेस दुसरेच, तू मनाने पारंपरिकच राहिलीस. तो आरोप खरा आहे. किटी वॉरनने ढोंगाच्या नावाने कितीही बोटे मोडली तरी लेक सभ्य घरात पडावी, आपण केलेले तिला कळू नये आणि म्हातारपणी तिने आपली सेवा करावी, हीच तिची इच्छा आहे. पैसा पुरेसा झाल्यावरही ती धंदा सोडत नाही, कारण त्याशिवाय तिला करमणार नाही. तिचे गरिबीतले अर्धे आयुष्य मला संपूर्ण पटते. मालकीण झाल्यानंतरचे अर्धे पटत नाही. आणि इथेच मला शॉकडे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. त्या सहा घरांतल्या मुलींपैकी एकही नाटकात येत नाही. आपल्या घरात मुलींना कधीही वॉटर्लूच्या गुत्त्यासारखे वागवले गेले नाही, असे किटी छातीठोकपणे सांगते. पण ते मालकिणीचे म्हणणे आहे. आईच्या साड्यांचा हिशेब दुकानदाराला विचारला असता तर त्यानेही तो बरोबरच आहे असे सांगितले असते.

व्हिव्ही पैसे नाकारते तेव्हा ते पैसे जातात कुठे, हेही कोणी विचारत नाही. ते ब्रुसेल्सच्या मुलींकडे परत जात नाहीत; ते किटीच्या आणि क्रॉफ्ट्सच्या खात्यातच राहतात. व्हिव्हीचे हात स्वच्छ होतात, बाकी सारे जिथल्या तिथे. दार लागते, ती टेबलाशी बसते आणि आकड्यांत बुडून जाते. ते आकडे माणसांच्या आयुर्मानाचे असणार, कोणत्या वयाचा माणूस किती वर्षे जगेल याचे. सफेद्याच्या कारखान्यात मेलेली तिची मावशी अशाच एखाद्या तक्त्यात एका रकान्यात असू शकली असती. व्हिव्हीने सोडून दुसरे काय करायला हवे होते, हे मला सांगता येत नाही, आणि तिच्या जागी मी काय केले असते हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हे सगळे मी एकदा आईला सांगितले होते. तोवर तिने फॉल लावायचे काम बाहेरचे घेणे सोडले होते, पण त्या दिवशी माझीच साडी तिच्या मांडीवर होती. मी उत्साहाने व्हिव्हीचे सांगितले, किटीचे सांगितले, क्रॉफ्ट्सचे ३५ टक्के सांगितले, लॉर्ड चेंबरलेनचेही सांगितले. ती ऐकत होती, सुई चालू होती. माझे संपल्यावर तिने दोरा दाताने तोडला आणि विचारले,

“अगं, ती अठरा शिलिंगांत तीन पोरं नीटनेटकी ठेवणारी, तिचं पुढे काय झालं?”

मी पुस्तक आणून दुसरा अंक काढला आणि ते पान तिच्यासमोर दोनदा वाचले. नवरा दारू प्यायला लागला, इथे तिच्याविषयीचे वाक्य संपते आणि किटी लिझविषयी बोलू लागते.